पुढचं पान तुम्ही वाचा

पावसाळ्याचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बुद्ध विहारांत एकच ग्रंथ उघडलेला असतो: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. कुठे रोज संध्याकाळी, कुठे फक्त रविवारी. कुठे विहारात, तर कुठे आळीपाळीने एकेकाच्या घरी. हा वर्षावास. बुद्धाच्या काळात भिक्खू पावसाळ्यात फिरस्ती थांबवून एका जागी राहत आणि आसपासच्या लोकांना धम्म सांगत. आपल्या या शहरांत भिक्खू मोजकेच आहेत. त्यामुळे इथला वर्षावास पाळतात ते कारखान्यातून, पालिकेतून, दवाखान्यातून, दुकानातून घरी परतलेले संसारी लोक. लोकलच्या गर्दीतून उतरायचं, घरी जाऊन तोंडावर पाणी मारायचं, पांढरा सदरा किंवा पांढरी साडी घालायची आणि विहार गाठायचा.

यंदा कल्याण पूर्वेतल्या एका विहारात मी या वाचनाला जाऊन बसत होतो. विहार म्हणजे दोन चाळींच्या मधली खोली, वर पत्रा. पाऊस जोरात आला की वाचणाऱ्याचा आवाज पत्र्याखाली बुडून जातो, मग सगळे सतरंजी ओढत पुढे सरकतात. मेणबत्ती-अगरबत्ती लावून झाली, बुद्धाच्या मूर्तीला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला फुलं वाहिली, त्रिसरण-पंचशील आणि वंदना झाली. मग ग्रंथ उघडला. पहिलं पान एका रिक्षाचालकाने वाचलं. दुसरं नववीतल्या एका मुलीने, घाईघाईने, पूर्णविराम गिळत. तिसरं एका आजींकडे आलं. शाळा चौथीपर्यंतची, तीही गावाकडे, साठेक वर्षांपूर्वी सुटलेली. चष्मा कपाळावरून खाली आला, बोट ओळीवर टेकलं आणि वाचन सुरू झालं. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ या शब्दाशी तर त्यांची झटापटच झाली. दोनदा मागे आल्या, पुन्हा सुरुवातीपासून अक्षरं लावली. समोर पंचवीस-तीस माणसं. त्यातल्या निम्म्यांना तो शब्द तोंडपाठ असणार, पण कुणीही पुढून सुचवला नाही. मुलं चुळबुळली, तेवढंच. शेवटी शब्द पुरा झाला, पान पुरं झालं, आणि आजींनी ग्रंथ शेजारच्या बाईंच्या मांडीवर ठेवला. “घे गं, पुढचं पान तू वाच.”

त्या बाई पहिल्यांदाच आलेल्या होत्या. त्यांनी वाचलं.

वाचनानंतर प्रवचन झालं, चांगलं झालं. पण माझ्या मनात राहिलं ते ग्रंथाचं हातातून हातात जाणं. कुणाला उमेद द्यायची म्हणजे त्याचं कौतुक करायचं, पाठ थोपटायची, अशी आपली समजूत असते. इथे उमेद देण्याची रीत वेगळी आहे: माणसाच्या हाती काम द्यायचं आणि ते पुरं होईपर्यंत थांबायचं. ठाणे जिल्ह्यातला धम्म याच रीतीने वाढला, असं माझं मत आहे, आणि त्याची मुळं थेट १९५६ सालापर्यंत जातात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लगेच स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. भिक्खूंखेरीज एका गृहस्थाने दीक्षा देणं, हीच मोठी घटना होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी ती आणखी पुढे नेली: दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे, असं जाहीर केलं. त्याच भाषणात जबाबदारीचीही जाणीव दिली. लोक तुमच्याकडे पाहतील, तेव्हा त्यांना आदर वाटेल असं वागा. उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्माच्या कामाला द्या. पुढे दोन महिनेही त्यांना मिळाले नाहीत. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झालं, ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला दीक्षा दिली. मागे राहिला तो समाज नवा धर्म स्वीकारलेला, पण त्याच्याकडे पुरोहित नाहीत, पुरेसे भिक्खू नाहीत, आणि लग्न, बारसं, मृत्यू तर रोजचेच. ही पोकळी संसारी माणसांनीच भरायची होती. त्यासाठी लागणारी संस्था बाबासाहेबांनी आधीच, ४ मे १९५५ रोजी, उभी करून ठेवली होती: भारतीय बौद्ध महासभा. त्यांच्यानंतर भैयासाहेब यशवंतराव आंबेडकरांनी ती सांभाळली, वाढवली. याच महासभेतून बौद्धाचार्य घडले.

बौद्धाचार्य होण्यासाठी आधी श्रामणेर शिबिर करावं लागतं. दहा दिवस मुंडण, चीवर, दहा शीलं, दुपारी बारानंतर जेवण नाही, पहाटेची वंदना, दिवसभर अभ्यास. त्यासाठी नोकरीतून रजा काढायची. घरी परतल्यावर केस वाढेपर्यंत कामावरचे लोक विचारत राहतात, घरात कोण गेलं म्हणून. पुढे परीक्षा, आणि मग कामाला लागायचं. मंगल परिणय, नामकरण, गृहप्रवेश, जलदान, पुण्यानुमोदन. या कामाचं मानधन नाही. घरच्यांनी श्रद्धेने काही दिलं तर शाखेच्या नावाने पावती फाडायची.

मला भेटलेले एक बौद्धाचार्य रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, राहायला कल्याण पूर्वेतच. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत पूजापाठाची पुस्तिका, मेणबत्त्या, अगरबत्तीचा पुडा, काडेपेटी, पांढरं वस्त्र, बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या दोन छोट्या तसबिरी आणि पावतीपुस्तक. पिंपळाची पानं वाटेत तोडून घेतात. लोक त्यांना ‘गुरुजी’ म्हणतात तेव्हा ते हात जोडून सांगतात, “गुरुजी नको हो, जय भीम म्हणा, पुरे.” लग्नं आणि पुण्यानुमोदनं बहुतेक रविवारी, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. नोकरीत असताना ज्या ब्लॉकमध्ये त्यांनी रुळांवर काम केलं, तोच ब्लॉक आता त्यांची वाट अडवतो. सकाळी कळव्याला मंगल परिणय, दुपारी डोंबिवलीत पुण्यानुमोदन, संध्याकाळी आपल्या विहारात वर्षावास, असा त्यांचा एक रविवार मी पाहिला. मधल्या वेळात फलाटावर उभ्याउभ्या वडापाव. मी विचारलं, थकत नाही का? म्हणाले, “थकतो की. पण ज्याच्या घरी माणूस गेलंय, तो आपल्या गाडीची वाट बघत बसलेला असतो.”

पुण्यानुमोदनाच्या त्या घरी मी सोबत गेलो होतो. दोन खोल्यांची जागा, कालकथित गृहस्थ कंपनीतून निवृत्त झालेले. मुलगा बावीस-तेवीसचा, भांबावलेला. नातेवाइकांत कुजबुज चालली होती: कावळा शिवला नाही तर, तेराव्याचं काय, कुणी म्हणे असं करावं, कुणी तसं. बौद्धाचार्यांनी वाद घातला नाही. मुलाला जवळ बसवलं आणि वडिलांबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. तो गप्प. “नाव सांग, कुठे कामाला होते ते सांग, इतकंच.” त्याने सुरुवात केली आणि मग थांबेना. पहिल्या पाळीला जाताना वडील त्याला शाळेच्या वेळेआधी उठवून उजळणी घ्यायचे, हे सांगताना तो रडला, पण बोलत राहिला. कुजबुज आपोआप बंद झाली. गाथा त्यानंतर झाल्या. निघताना मुलाच्या हाती पूजापाठाची पुस्तिका आली: पुढल्या पौर्णिमेला घरात वंदना तू घ्यायचीस.

अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम प्रवचनांत पुष्कळदा ऐकू येतो. त्याचे चार भाग सांगतात. मनात न उठलेलं अकुशल उठू द्यायचं नाही, उठलेलं सोडायचं, न उठलेलं कुशल उठवायचं आणि उठलेलं टिकवायचं. दहा पारमितांमधली वीर्य पारमिता याच्या जवळची. हाती घेतलेल्या कामातून माघार न घेणं, असा तिचा भाव बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडला आहे. हे सगळं फळ्यावर लिहून शिकवता येतं. पण त्या मुलाच्या बाबतीत पाहिलं तेव्हा चौथा भाग, उठलेलं टिकवायचा, सगळ्यांत अवघड वाटला. वडील गेल्याच्या दुःखात धम्माकडे वळलेलं मन महिन्याभराने कुठे असेल? म्हणूनच ती पुस्तिका आणि पौर्णिमेची जबाबदारी.

याच भूमीतली एक फार जुनी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण वर्षावासात ती आवडीने सांगतात. पुण्ण नावाचा भिक्खू बुद्धाकडे आला आणि सुनापरांत देशी जाऊन राहण्याचा विचार त्याने सांगितला. हा सुनापरांत म्हणजे आपली सोपाऱ्याकडची पश्चिम किनारपट्टी, असं अभ्यासक मानतात. संस्कृत बौद्ध कथांतला पूर्ण तर शूर्पारकाचाच व्यापारी आहे. बुद्धाने त्याला सांगितलं की तिथले लोक तापट आहेत. शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्ण म्हणाला, हाताने मारत नाहीत, म्हणजे भलेच आहेत असं समजेन. हाताने मारलं तर? ढेकळं फेकत नाहीत ना. ढेकळं फेकली तर? काठीने मारत नाहीत. प्रश्न शस्त्रापर्यंत आणि जीव घेण्यापर्यंत गेले, पुण्ण डळमळला नाही. बुद्धाने त्याला जा म्हटलं. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका उभ्या केल्या, असं सुत्तात आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्यातून अस्थिकरंडक निघाला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यालाच सापडले. आज पालघर जिल्ह्यात मोजलं जाणारं सोपारा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. मला या कथेत पुण्णाच्या सहनशीलतेइतकंच बुद्धाचं वागणं महत्त्वाचं वाटतं. त्याने पुण्णाला अडवलं नाही आणि खोटा धीरही दिला नाही. अडचणी एकेक करून समोर ठेवल्या, उत्तरं ऐकली आणि काम सोपवलं.

पण प्रयत्नाची दोरी जास्त ताणली की काय होतं, तेही याच विहारांमध्ये दिसतं. काही प्रवचनकारांचा निम्मा वेळ रागावण्यात जातो. उपास सोडा, गंडेदोरे काढा, देव्हारे बुडवा, अजून तुमच्या घरात अमुक कसं? बावीस प्रतिज्ञांचा आधार त्यांच्याकडे आहे आणि मुद्दाही खरा आहे. तरी रागावणं ऐकून घेणारी बाई पुढल्या रविवारी येत नाही, हे मी पाहिलं. सोण कोळिविसाची कथा या प्रवचनकारांना ठाऊक असतेच. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आलं आणि तो घरी परतायचा विचार करू लागला. तेव्हा बुद्धाने त्याला वीणेच्या तारांबद्दल विचारलं. अति ताणलेली तार वाजत नाही, ढिलीही वाजत नाही. हे भिक्खूला सांगितलं होतं. गृहिणीला तर ते अधिक लागू आहे.

त्याच बौद्धाचार्यांकडे एक घर आलं होतं. नवीन फ्लॅट, गृहप्रवेश बौद्ध पद्धतीने करायचा. पण आजीकडे सासरहून आलेला देवाचा टाक होता. मुलाचं म्हणणं, तो आधी खाडीत सोडू, मग वंदना. आजी रडायला लागली, सासूने मरताना हातात दिलेला होता म्हणे. बौद्धाचार्यांनी मुलाला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. गृहप्रवेश झाला. दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लागले. आजीकडे एक काम आलं: रोज संध्याकाळी घरातली मेणबत्ती तिने लावायची आणि नातवंडांकडून पंचशील म्हणवून घ्यायचं. टाक अजून तिच्या पेटीत आहे. पंचशील मात्र चुकत नाही, आणि वर्षावासात ती सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी झाडते. यात तडजोड झाली असं काही कार्यकर्ते म्हणतील. मला ते पटत नाही. मी त्या बौद्धाचार्यांच्या बाजूचा आहे.

विहारांची अजून एक कामगिरी प्रवचनांइतकीच मोठी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथल्या मुलाने अभ्यास कुठे करायचा? तो विहारात करतो. दुपारी सतरंज्यांवर दहावी-बारावीची मुलं, रात्री स्पर्धा परीक्षेची. भिंतीलगत कपाटात नोकरी लागलेल्यांनी ठेवून दिलेली पुस्तकं. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याची चळवळ आता सर्वदूर पोचली आहे, आणि त्या वह्या पुढे अशाच खोल्यांतून वाटल्या जातात. डोंबिवलीतल्या एका विहारात लहान मुलांचं गणित घेणारा तरुण स्वतः तिथेच शिकून कंपनीत लागलेला आहे. ऐरोलीहून रात्रपाळी करून येतो, झोपतो, आणि संध्याकाळी फळ्यापाशी उभा असतो. त्याला प्रवचनात रस नाही, तसं तो मोकळेपणी सांगतो. त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही, आणि ते मला फार आवडलं.

यात सगळं सुरळीत आहे असं कुणी समजू नये. महासभेत गटतट आहेत, एकाच वस्तीत दोन शाखा असतात. लग्नात डीजे आणि हळद परत आली आहे, आणि व्यासपीठावर सिगालोवाद सुत्तातली पती-पत्नीची कर्तव्यं वाचली जात असताना खाली मोबाइलवर चित्रीकरणाची धांदल चाललेली असते. तरुण पोरं जयंतीच्या मिरवणुकीला हजारोंनी असतात, वर्षावासाला दहा. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या समाजात नियमित वंदना घेणारी घरं किती, हा प्रश्न कार्यकर्तेच एकमेकांना विचारतात. करोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० च्या पावसाळ्यात, विहारांना कुलपं होती. तेव्हा वर्षावास मोबाइलवर झाला. एक बाई सांगत होत्या की त्यांच्याकडे साधा फोन. शेजारणीने आपला मोठा फोन दाराच्या चौकटीत उभा करून ठेवला आणि चाळीतल्या पाच-सहा घरांनी आपापल्या दारात बसून ऐकलं. रुग्णालयातून थेट स्मशानात गेलेल्या माणसांचं पुण्यानुमोदन फोनवर गाथा म्हणून केलं गेलं.

कल्याणच्या संसारी माणसांनी धम्मासाठी पदरमोड करण्याला जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत कल्याणचे लोक पुन्हा पुन्हा भेटतात. व्यापारी आहेत, पण कारागीरही आहेत. सामिदत नावाच्या कल्याणच्या सोनाराने तिथे पाण्याचं टाकं खोदून दिलं. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. राजाने लेणं कोरवलं तर त्याची महती पुस्तकांत येते. मला मात्र टाकं आणि वाट ही दानं जास्त जवळची वाटतात. तहान लागलेल्याला पाणी मिळावं आणि चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळावी, एवढाच त्यांचा हेतू. कल्याण पूर्वेतल्या विहाराच्या पाण्याच्या टाकीवरही दात्याचं नाव रंगवलेलं आहे, एका कालकथित मातेच्या स्मरणार्थ. भिवंडीच्या वाटेवर लोनाडचं बौद्ध लेणं आहे; विहारातल्या मुलांची सहल तिथे जाते, तेव्हा सोबतचे शिक्षक त्यांना कान्हेरीच्या सोनाराची गोष्ट सांगतात.

स्त्रियांविषयी वेगळं लिहायला हवं, कारण वर्षावास मुख्यतः त्याच चालवतात. सतरंज्या, फुलं, खीर, वर्गणी, निरोप, सगळं त्यांच्याकडे. वर्षानुवर्षं व्यासपीठावर मात्र पुरुष. हे चित्र आता बदलतं आहे. महासभेची महिलांसाठी दहा दिवसांची उपासिका प्रशिक्षण शिबिरं होतात. तिथून तयार झालेल्या बायका प्रवचनाला उभ्या राहतात, इतर बायकांना शिकवतात. ठाण्यात भेटलेल्या एका ताई, पालिकेच्या शाळेतल्या मदतनीस, म्हणाल्या की शिबिरात पहिल्या दिवशी नाव सांगायला उभं राहताना पाय कापत होते. दहाव्या दिवशी त्यांनी पंचशीलावर दहा मिनिटं बोलून दाखवलं. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय शिकलीस? “म्हटलं, बसा, सांगते. दारूवरच्या शीलापासूनच सुरुवात केली.” त्याने सोडली का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच पुढे सांगितलं: कमी केली, सोडायची आहे, त्या मागे लागलेल्या आहेत.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. भिक्खू संघात या दिवशी पवारणा होते. माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं असेल तर सांगा, असं प्रत्येक जण संघाला म्हणतो. कल्याण पूर्वेतल्या विहारात तिचं साधं रूप पाहायला मिळालं. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण वाचून झाल्यावर कोषाध्यक्षांनी जमाखर्च वाचला, मग अध्यक्षांनी विचारलं, कुणाची तक्रार? एक आजोबा म्हणाले, प्रवचनं लांबतात, आम्हाला बसवत नाही. एक मुलगी म्हणाली, पंखा दुरुस्त करा. पहिल्याच रविवारी घाबरत पान वाचलेल्या त्या बाई म्हणाल्या, आम्हालाही विषय द्या.

विषय दिला गेला: पुढल्या पौर्णिमेला, मैत्री पारमिता, पंधरा मिनिटं. कार्यक्रम संपल्यावर त्या बौद्धाचार्यांपाशी आल्या, वही उघडी, पेन हातात. “दादा, कुठून सुरू करू? ग्रंथात कुठलं प्रकरण बघू?”

“प्रकरण मी काढून देतो. पण सुरुवात तुमच्या चाळीतल्या नळापासून करा,” बौद्धाचार्य म्हणाले. “पाण्यावरून तुमचं आणि त्या वरच्या वहिनींचं काय झालं होतं, ते सांगा आधी. आणि वहिनींना बोलवा ऐकायला.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग वहीत वहिनींचं नाव लिहिलं आणि विचारलं, “त्या नाही आल्या तर?”

“तर त्यांच्या दारात जाऊन पुन्हा सांगायचं. मीही येतो सोबत.”